स्किझोफ्रेनियावर एमआरआयची थीसिस: २५ पेशंट, २५ कंट्रोल, नेमकं काय मोजावं?

रावपुरा_रेसिडेंट

सायकिअ‍ॅट्रीच्या एमडीसाठी थीसिसचा विषय पक्का करायचा आहे. सायकोसिसचा पहिलाच एपिसोड असलेले २५ पेशंट आणि २५ निरोगी कंट्रोल, वय १८ ते ४०, बडोदा आणि आसपासचे तालुके. मशीन थ्री टेस्ला (चुंबकाची ताकद) आहे, पण ते मुळात इमर्जन्सीसाठी. रिसर्चला रविवारी दुपारी दोन-तीन स्लॉट मिळतील. डेटा गोळा करायला दीड वर्ष.

गाइडचं म्हणणं, "होल ब्रेन करू, काहीतरी निघेलच." मला नेमकी त्याच 'काहीतरी'ची धास्ती आहे. एवढ्या सँपलवर प्रामाणिकपणे काय मोजता येईल? सिक्वेन्स (स्कॅन घेण्याची मशीनची सेटिंग) कोणता लावावा? आणि औषध सुरू झालेले पेशंट घ्यावेत की नाहीत? ओपीडीत येईपर्यंत बहुतेकांना कुणीतरी काहीतरी दिलेलं असतंच.

आकडेमोड

आधी हिशोब, कारण तो कागदावरच होतो आणि फुकट आहे.

एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ साली १५ केंद्रांचा डेटा एकत्र केला: २०२८ पेशंट, २५४० कंट्रोल. सबकॉर्टिकल भागांच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराखालच्या भागांच्या) आकारमानात सगळ्यात मोठा फरक हिप्पोकॅम्पसमध्ये (स्मृतीशी जोडलेला भाग) निघाला. कोहेनचा डी (दोन गटांच्या सरासरीतला फरक, स्टँडर्ड डेव्हिएशनच्या पटीत) उणे ०.४६, म्हणजे पेशंटमध्ये लहान. अमिग्डाला आणि थॅलॅमस उणे ०.३१, अ‍ॅक्युम्बेन्स उणे ०.२५, आणि लॅटरल व्हेंट्रिकल (मेंदूतली पाण्याची पोकळी) अधिक ०.३७, म्हणजे पेशंटमध्ये मोठी. २०१८ मध्ये त्यांनी कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, मोजला (४४७४ पेशंट, ५०९८ कंट्रोल). एकूण जाडीतला फरक ०.५ च्या जरा वर होता.

आता ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ०.०५ ची पातळी धरली, तर प्रत्येक गटात किती माणसं लागतात? १५.७ भागिले डीचा वर्ग. हिप्पोकॅम्पससाठी साधारण ७५. अमिग्डालासाठी १६३. अ‍ॅक्युम्बेन्ससाठी २५०. तुमच्या २५-२५ मध्ये दिसू शकेल असा फरक ०.८ किंवा त्याहून मोठा हवा, आणि स्किझोफ्रेनियात एवढा मोठा फरक कुठल्याच एका भागात नाही. एनिग्मातले बरेच पेशंट जुन्या आजाराचे आहेत, त्यामुळे पहिल्या एपिसोडमध्ये फरक याहून मोठा सापडेल ही आशाही ठेवू नका.

होल ब्रेन केलं तर काय होईल तेही सांगतो. मेंदूचे भाग पाडणाऱ्या डेझिकान-किलियानी अ‍ॅटलासमध्ये कॉर्टेक्सचे ६८ भाग. कुठेच काही फरक नसला तरी ६८ चाचण्यांमधून तीन-चार 'सिग्निफिकंट' निघतात. बॉनफेरोनी दुरुस्ती (०.०५ ला चाचण्यांच्या संख्येने भागणं) लावली तर पातळी ०.०००७ वर येते आणि मग खरं असलेलंही हातचं जातं. व्हॉक्सेल (चित्राचा त्रिमितीय ठिपका) पातळीवर क्लस्टरची सांख्यिकी तर आणखी निसरडी. २०१६ मध्ये एक्लुंड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एफएमआरआयच्या (मेंदूचं काम टिपणारा एमआरआय) प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये काही सेटिंगना खोट्या निष्कर्षांचं प्रमाण ५ टक्क्यांऐवजी ७० टक्क्यांपर्यंत जातं. छोट्या सँपलवरून जे 'निघतं' त्याचा आकार नेहमी फुगलेला असतो, कारण न फुगलेलं तुमच्या चाळणीतून वर येतच नाही.

म्हणून दोनच मोजमापं आधी लिहून ठेवा: हिप्पोकॅम्पस आणि लॅटरल व्हेंट्रिकल. बाकी सगळं 'शोधात्मक' या शीर्षकाखाली. वय, लिंग आणि कवटीच्या आतलं एकूण आकारमान कोव्हेरिएट (ज्यांचा परिणाम हिशोबात वेगळा काढायचा ते घटक) म्हणून घाला. त्या आकारमानाने भागून गुणोत्तर काढू नका, भागाकाराने त्या आकारमानाच्या मोजमापातला आवाजही निकालात मिसळतो. व्हेंट्रिकलचे आकडे उजवीकडे लांब शेपटीचे असतात, त्यांचा लॉग घ्या. निकालात पी-व्हॅल्यूपेक्षा डी आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ठळक छापा. २५-२५ मध्ये तो साधारण अधिक-उणे ०.५५ रुंद येईल. परीक्षकाला तो आवडणार नाही, पण तोच खरा निकाल आहे.

टेस्ला_मकरपुरा

वरच्या हिशोबाशी पूर्ण सहमत, एक गोष्ट सोडून. २५-२५ ला एवढं कमी लेखू नका. स्कॅन नीट असला तर उद्या तो दुसऱ्या केंद्राच्या डेटात मिसळता येतो, कॉम्बॅटसारख्या पद्धतीने मशीनमधला फरकही बराचसा काढता येतो. बिघडलेला स्कॅन कशातच मिसळत नाही. तर मशीनबद्दल.

थ्रीडी टी-वन (मेंदूची रचना दाखवणारा सिक्वेन्स) लावा. सीमेन्सवर एमपीरेज, जीईवर ब्राव्हो, फिलिप्सवर थ्रीडी टीएफई. व्हॉक्सेल १ × १ × १ मिमी, सॅजिटल. सीमेन्सवर टीआर २३०० मिलिसेकंद, टीई ३ च्या आसपास, टीआय ९००, फ्लिप ९ अंश. दुप्पट अ‍ॅक्सिलरेशनने पाच-साडेपाच मिनिटांत होतं. त्यानंतर फ्लेअर, तो तुमच्या मोजमापासाठी नाही, रेडिऑलॉजिस्टने दुसरा आजार नाही ना हे पाहावं म्हणून. लोकलायझर धरून माणूस १५ मिनिटांत बाहेर. स्लॉट मात्र ३० मिनिटांचा मागा. का, ते पुढे येतं.

हॉस्पिटलच्या नेहमीच्या पद्धतीने स्कॅन केला तर पुढच्या चुका हमखास होतात.

पॅक्सवर (हॉस्पिटलच्या चित्रसाठ्यात) फक्त ५ मिमीचे कापलेले रिफॉरमॅट जातात आणि मूळ थ्रीडी सीरिज काही दिवसांत कन्सोलवरून पुसली जाते. त्याच दिवशी मूळ डायकॉम (मशीनच्या चित्रांच्या फाइल) हार्ड डिस्कवर घ्या. जीई मशीनवर झिप-५१२ चालू असेल तर प्रतिमा ५१२ च्या जाळीवर ताणली जाते. दिसायला गुळगुळीत, माहिती तेवढीच, आणि मोजमाप बदलतं. ते बंद करा. थ्रीडी डिस्टॉर्शन करेक्शन आणि प्रीस्कॅन नॉर्मलाइज चालू ठेवायचं असेल तर पहिल्यापासून शेवटच्या माणसापर्यंत चालू. हेड कॉइलही (डोक्याभोवतीचा अँटेना) एकच. ३२ चॅनेलच्या कॉइलमध्ये डोकं मोठं असलं की हेडफोन बसत नाही, मग टेक्निशियन 'जमवून घेऊ' म्हणत दुसरी कॉइल लावतो आणि तुम्हाला पत्ताही नसतो. प्रोटोकॉल वेगळ्या नावाने सेव्ह करून लॉक करवून घ्या.

दीड वर्षात सॉफ्टवेअर अपग्रेड होण्याची शक्यता मोठी. तारीख टिपून ठेवा. आणि आधी सगळे पेशंट, मग सगळे कंट्रोल असं अजिबात नको. तसं झालं तर मशीनमधला बदल आणि आजार यांना जगातली कोणतीच सांख्यिकी वेगळं करू शकत नाही. एका रविवारी एक पेशंट, एक कंट्रोल. विभागातलाच एखादा धडधाकट स्वयंसेवक दर तीन महिन्यांनी त्याच सिक्वेन्सवर स्कॅन करा. त्याचा हिप्पोकॅम्पस दोन टक्क्यांहून जास्त हलला तर मशीन तपासा, माणूस नव्हे.

हालचालीचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. २०१५ च्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना स्कॅनमध्ये मुद्दाम डोकं हलवायला लावलं होतं. हालचाल मिनिटाला एक मिलिमीटरने वाढली की ग्रे मॅटर सुमारे ०.७ टक्के कमी भरत होतं. मेंदू तोच, फक्त चित्र पुसट. आता स्किझोफ्रेनियातला हिप्पोकॅम्पसचा फरक सरासरी चार टक्क्यांच्या घरात, आणि पेशंट कंट्रोलपेक्षा जास्त हलतात. म्हणजे आजाराच्या खात्यावर नुसती चुळबूळ जमा होऊ शकते. टी-वन संपताच, माणूस टेबलावर असतानाच, चित्र स्क्रीनवर पाहा. कपाळाच्या मागे पाण्यावरच्या तरंगांसारख्या रेषा दिसल्या की लगेच पुन्हा घ्या. स्लॉटमधली उरलेली १५ मिनिटं याचसाठी.

कानात फोमचे इअरप्लग, वर हेडफोन, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पॅड, गुडघ्यांखाली उशी. मशीनच्या आवाजाचं रेकॉर्डिंग आदल्या भेटीत ओपीडीच्या टेबलावर आडवं झोपवून ऐकवा. या पेशंटसाठी ते ऐच्छिक समजू नका. ठोक्यांच्या त्या आवाजात भास होणाऱ्याला शब्द ऐकू येऊ शकतात, आणि आधी सांगितलं नसेल तर तो मध्येच उठतो. कंट्रोल रूमही आधी दाखवा. डोक्यात चिप बसवतील असा संशय असलेल्या माणसाला बंद दरवाजामागून बोललेलं चालत नाही.

धातूची यादी आपल्याकडची करा, छापील फॉर्मवर ती नसते: मंगळसूत्र, जोडवी, ताईत, जरीचा ब्लाउज, हेअरपिना. काजळ आणि सुरमा पुसून टाका, त्यातल्या कणांमुळे डोळ्यांभोवतीचं चित्र खराब होतं.

कारेलीबागकर

ताईताबद्दल एक. संशयी पेशंटच्या गळ्यातला ताईत काढून ट्रेमध्ये ठेवला तर स्कॅन तिथेच संपला समजा. आईच्या किंवा भावाच्या हातात द्या, त्याला दिसेल असा.

औषधांचं. 'औषध अजिबात न घेतलेला' पेशंट शोधत बसलात तर दीड वर्षात २५ पुरे होणार नाहीत, आणि जे मिळतील ते वेगळ्याच प्रकारचे असतील. पण औषधाचा परिणाम दुर्लक्षण्यासारखा नाही. २००५ साली मकाक माकडांना १७ ते २७ महिने हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन ही अँटिसायकोटिक (सायकोसिसवरची) औषधं दिली, आणि त्यांच्या मेंदूचं वजन-आकारमान ८ ते ११ टक्के कमी भरलं. त्या माकडांना स्किझोफ्रेनिया नव्हता. २०११ मध्ये आयोवाच्या गटाने २११ पेशंटचा पाठपुरावा छापला, त्यातही औषधाची मात्रा जास्त तिथे ऊती कमी. यावरून औषध वाईट असा अर्थ काढू नका, न घेतलेल्या औषधाची किंमत काय असते ते वॉर्डात दिसतंच. अर्थ एवढाच की काळाची चौकट हवी. अँटिसायकोटिक सुरू होऊन चार आठवड्यांच्या आत स्कॅन, त्यापुढचा पेशंट घ्यायचा नाही.

आधी काय दिलं होतं ते चिठ्ठीवर विसंबून लिहू नका. रिकाम्या स्ट्रिप्स आणायला सांगा आणि 'सुई दिली होती का' हे वेगळं विचारा. डेपो (आठवडे टिकणाऱ्या) इंजेक्शनला घरचे औषध म्हणतच नाहीत. मात्रा क्लोरप्रोमाझिन या जुन्या अँटिसायकोटिकच्या तुलनेत मांडताना तक्ता कोणता वापरला ते नमूद करा. वुड्सच्या २००३ च्या तक्त्यात ५ मिलिग्रॅम ओलान्झापिन म्हणजे १०० क्लोरप्रोमाझिन. २०१० च्या गार्डनर यांच्या तज्ज्ञ-सहमतीत २० म्हणजे ६००. तेव्हा १५ मिलिग्रॅमवरचा एकच पेशंट एका हिशोबाने ३०० वर आणि दुसऱ्याने ४५० वर.

हॅलोपेरिडॉलवर अकॅथिसिया (स्वस्थ बसू न देणारी तळमळ) असेल तर त्या आठवड्यात स्कॅन नको. पाय थांबत नाहीत, पायांबरोबर डोकं हलतं. प्रोप्रानोलॉल देऊन पुढची तारीख घ्या. तंबाखू खाणारा पेशंट दोन तास तंबाखूविना बसवला की तोही चुळबुळतो. शेवटचा मावा कधी खाल्ला हे फॉर्मवर असू द्या, आणि आत नेण्याआधी तोंड स्वच्छ करून घ्या, गालात तंबाखूची गोळी धरून कुणी स्थिर पडत नाही.

आता बडोद्यातले खास घोटाळे.

दारू. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे 'पिता का' या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर छापील मिळतं. दारूने कॉर्टेक्स आकसतो, म्हणजे हा तुमच्या निकालातला चोर. नातेवाइकांना बाहेर पाठवून, गोपनीयता समजावून, ऑडिट ही दारूच्या सवयीची प्रश्नावली तोंडी घ्या आणि जोडीला जीजीटी व एमसीव्ही या रक्ततपासण्या पाहा.

उपवास. पाणी कमी पडलं की मेंदू खरोखर मोजता येईल इतका आकसतो आणि व्हेंट्रिकल फुगते. १६ तास पाण्याविना राहिलेल्या निरोगी लोकांत अर्ध्या टक्क्याहून थोडी जास्त घट मोजली गेली आहे. मे महिन्यात छोटा उदेपूरहून एसटीने दुपारी पोहोचलेला पेशंट आणि होस्टेलवरून चालत आलेला कंट्रोल यांच्यात हा फरक राहणारच. सगळ्यांना स्कॅनच्या दीड तास आधी अर्धा लिटर पाणी, मग लघवीला पाठवा. निर्जळी उपवासाच्या दिवशी तारीखच देऊ नका. स्लॉट सगळ्यांचे दुपारचेच आहेत ते बरं आहे, सकाळ-संध्याकाळचाही थोडा फरक पडतो.

कंट्रोल म्हणून एमबीबीएसची मुलं नकोत. पण उलट टोकाला जाऊन पेशंटच्या शिक्षणाशी जुळणारे कंट्रोलही शोधू नका. आजारानेच त्याचं शिक्षण तोडलेलं असतं. तेवढंच शिकलेला निरोगी माणूस निवडलात तर तो निरोगी लोकांत सरासरीपेक्षा खालचा निघतो. आई-वडिलांच्या शिक्षणावर जुळवा. सोबत आलेले शेजारी किंवा मित्र चांगले कंट्रोल ठरतात. सख्खी भावंडं नकोत, त्यांच्यात आजाराची अर्धी जनुकं आणि थोडा मेंदूचा फरकही असू शकतो. सहा महिन्यांत ईसीटी (विजेच्या झटक्यांचा उपचार) झालेले पेशंट वगळा, ईसीटीनंतर हिप्पोकॅम्पस वाढलेला दिसतो.

पॅन्सबद्दल (लक्षणांची तीव्रता मोजणारी प्रश्नावली) एक, कारण दर थीसिसमध्ये तीच चूक दिसते. ३० प्रश्न, प्रत्येकाला किमान १, म्हणजे शून्य आजाराचा स्कोअर ३०. टक्केवारी काढताना आधी ३० वजा करा.

संमतीपत्र गुजराती, हिंदी आणि मराठीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ९९. संशोधनासाठी पेशंटची स्वतःची संमती लागते, आणि नुसती मुलाखतही त्यात येते. जो संमती देण्याच्या स्थितीत नाही त्याच्यासाठी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी हवी, नातेवाइकाची सही पुरत नाही. रेसिडेंटच्या थीसिसला सोपा मार्ग असा की निर्णयक्षमता नसलेला पेशंट घ्यायचाच नाही, दहा दिवसांनी पुन्हा विचारायचं.

रावपुरा_रेसिडेंट

सगळ्यांचे आभार. तीन गोष्टी अजून. रेस्टिंग स्टेट एफएमआरआय (स्वस्थ पडलेल्या माणसाच्या मेंदूचं काम टिपणारा) जोडला तर? सह-गाइड मशीन लर्निंगने पेशंट-कंट्रोल ओळखू म्हणतात. आणि नातेवाईक विचारतात की फोटोत आजार दिसेल ना, त्यांना काय उत्तर द्यावं?

टेस्ला_मकरपुरा

रेस्टिंग जोडायचा तर किमान दहा मिनिटं डोळे उघडे, समोर अधिकचं चिन्ह. ०.५ मिमीहून जास्त फ्रेमनिहाय हालचाल असलेल्या फ्रेम टाकून द्याव्या लागतील, आणि कडक नियम लावला तर ०.२. पेशंटच्या गटात पाच मिनिटांचा सुद्धा स्वच्छ डेटा उरला नाही तर तो स्कॅन गेला. लोराझेपामवर असलेला पेशंट आत झोपी जातो आणि झोपेचं जाळं तुम्ही आजाराचं म्हणून छापता. माझं मत: नको. त्या दहा मिनिटांत दुसरा टी-वन घ्या.

हिप्पोकॅम्पसच्या उपभागांचा मोह होईल, कारण फ्रीसर्फर (मेंदूचे भाग मोजणारं सॉफ्टवेअर) १ मिमीच्या टी-वनवरूनही सीए-वन, सबिक्युलम वगैरे आकडे काढून देतं. त्या रिझोल्यूशनला आतल्या सीमा चित्रात नसतातच, अ‍ॅटलास त्या अंदाजाने ओढतो. खरंच हवं असेल तर हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात ०.४ × ०.४ × २ मिमीचा टी-टू वेगळा घ्या.

आकडेमोड

५० माणसांवर ९० टक्के अचूकता मिळाली असं कुणी सांगितलं तर एकच प्रश्न विचारा: फीचर (मॉडेलला दिलेली मोजमापं) निवडताना सगळे ५० पाहिले होते का? बहुधा हो. मग परीक्षेची उत्तरं आधीच फुटली, क्रॉस-व्हॅलिडेशन (न पाहिलेल्या माणसांवर मॉडेल तपासणं) नंतर कितीही करा. दुसरं, मॉडेल हालचाल किंवा वजन ओळखत असतं आणि श्रेय आजाराला जातं. वगळा.

कारेलीबागकर

नातेवाइकांचं. १९७६ साली लंडनच्या नॉर्थविक पार्कमधून सीटीवर पहिल्यांदा दाखवलं गेलं की जुनाट स्किझोफ्रेनियात व्हेंट्रिकल मोठी असतात. पेशंट होते १७. त्याला पन्नासेक वर्षं झाली, तरी एका माणसाच्या स्कॅनवरून स्किझोफ्रेनियाचं निदान आजही होत नाही. कारण वरच्याच आकड्यात आहे. डी ०.४६ म्हणजे दोन्ही गटांचे आलेख ८२ टक्के एकमेकांवर पडलेले. कोणताही एक पेशंट आणि कोणताही एक निरोगी माणूस घेतला तर शंभरात ६३ वेळा पेशंटचा हिप्पोकॅम्पस लहान, ३७ वेळा उलट. बायपोलरमध्येही त्याच भागात त्याच दिशेचा, साधारण निम्मा फरक असतो, त्यामुळे दोन आजारांत निवड करायलाही हा फोटो कामाचा नाही.

घरच्यांना सांगायचं ते असं: "हा फोटो आजार दाखवायला नाही, दुसरं काही नाही ना ते पाहायला आहे. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे नाटक करतोय असं नाही, आणि गोळी बंद करायची नाही." शेवटचं वाक्य दोनदा. नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन औषध थांबवणारी घरं कमी नाहीत.

दुसरं काही म्हणजे काय, तर ताप, झटका, नवी डोकेदुखी, गुंगी, एका बाजूची कमजोरी, कॅटॅटोनिया (हालचाल-बोलणं थिजणं), किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदा सुरुवात. अशा पेशंटचा स्कॅन रविवारच्या रिसर्च स्लॉटची वाट पाहत नाही, त्याच दिवशी होतो. आणि अँटी-एनएमडीए एन्सेफलायटिसमध्ये (शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटते तो आजार) एमआरआय अनेकदा स्वच्छ असतो, शंका असेल तर कमरेतलं पाणी तपासायला पाठवा.

रात्रपाळी_फ्रीसर्फर

प्रोसेसिंगवर कुणी लिहिलं नाही म्हणून. डीसीएमटूनिक्स या प्रोग्रामने डायकॉमचं निफ्टी (संशोधनात चालणारा फाइल-प्रकार) करा, फोल्डर बिड्स या ठरलेल्या पद्धतीने लावा, फ्रीसर्फरची एकच आवृत्ती सगळ्यांसाठी. अर्धे एका आवृत्तीवर आणि अर्धे दुसऱ्यावर केले तर तोच एक 'परिणाम' होतो. साध्या डेस्कटॉपवर एका मेंदूला सहा ते दहा तास, १६ जीबी रॅम असेल तर दोन एका वेळी. ५० मेंदूंना महिना धरा, कारण वीज आणि अपडेट दोन्ही रात्रीच येतात.

बघताना गट झाकलेला असू दे, फाइलच्या नावात पीटी (पेशंट) आणि सीओएन (कंट्रोल) नको. ऑयलर नंबर (फ्रीसर्फरने काढलेल्या पृष्ठभागातले दोष सांगणारा आकडा) सगळ्यांचे एका कागदावर मांडा, जे बाजूला पडलेत ते आधी उघडा. नेहमी बिघडतं ते हे: पायल रेषा (कॉर्टेक्सची बाहेरची सीमा) ड्यूरामध्ये (कवटीलगतच्या आवरणात) शिरते, टेम्पोरल पोल कापला जातो, हिप्पोकॅम्पसच्या कडेचा कोरॉइड प्लेक्सस त्यातच मोजला जातो. दुरुस्ती केली तर नियम लिहून सगळ्यांना सारखी. वाईट दिसतोय म्हणून फक्त पेशंटचे मेंदू हाताने सुधारायचे नाहीत. आणि तपासणी शेवटी एकदम नको, दर सोमवारी करा. पेशंट पादऱ्याला किंवा डभोईला परत गेला असेल तर पुन्हा बोलावता येतो, वर्षभराने नाही.

डेटा बाहेर देण्याआधी चेहरा काढून टाका. थ्रीडी टी-वनवरून नाक-डोळे उभे करता येतात, नुसतं नाव पुसून भागत नाही.

रावपुरा_रेसिडेंट

ठरलं. हिप्पोकॅम्पस आणि लॅटरल व्हेंट्रिकल, औषधाचे चार आठवडे, जोडीने स्कॅन. कंट्रोलमध्ये अनपेक्षित काही सापडलं तर? तो तर निरोगी म्हणून आलाय.

कारेलीबागकर

एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्ये आत्ताच लिहा: फ्लेअर रेडिऑलॉजिस्ट वाचेल, किती दिवसांत वाचेल, फोन कोण करेल आणि न्यूरॉलॉजीची कोणती ओपीडी. संमतीपत्रात 'असं काही दिसलं तर मला कळवा / कळवू नका' असे दोन चौकोन ठेवू नका, तातडीचं असलं तर कळवणारच असं सरळ लिहा. आणि फोन तुम्ही करा, टेक्निशियनने नव्हे.